मालोजीच्या कागदावरचा शब्द

"तुज्या मालोजीच्या कागदावर 'फीबल' लिवलंय म्हनं," सोमी विहिरीवर म्हणाली आणि वर दात काढले.

अंबाबाईनं भरली घागर तिथंच टेकवली. "ठेसनावर हमाली करनाऱ्या तुज्या नवऱ्याला, गोमाला, इंग्रजी कधीपास्नं कळाया लागली गं?"

"कळत नाय. ठेसनावरच्या कारकुनानं वाचला, तेवढा एक शब्द कानात ऱ्हायला त्याच्या."

अंबाबाईचा नवरा मालोजी वीस वर्षं घाटात मालगाडीचे ब्रेक आवळत होता. तीन-तीन दिवस घर दिसायचं नाही. मागच्या महिन्यात एकाएकी त्याला कर्जतच्या रेल्वे फाटकावर बसवलं. का, ते त्यानं सांगितलं नाही. त्या घरात बोलायचं काम अंबाबाईचं होतं.

ती घागर तिथंच टाकून तडक पंतोजींच्या ओट्यावर गेली.

"फीबल म्हणजे दुबळं," पंतोजी म्हणाले. "तेल सरत आलेला दिवा फीबल. आजाऱ्याचा आवाज फीबल. कुणी हात दिल्याबिगर ज्याला ओढा ओलांडवत नाही, तो माणूस फीबल."

"मग ज्यानं लिवलंय त्याचं डोस्कंच फीबल हाय," अंबाबाई म्हणाली.

घरी आली तर तिची घागर जागेवर होती. मालोजीच घेऊन आला होता. आता तो तांदूळ निवडत बसला होता. हल्लीच्या तांदळात दिसू नयेत इतके बारीक खडे येतात, म्हणून ते काम तिनं त्याच्याकडं लावलं होतं.

"उठा. ठेसनावर जायचं हाय. तो शब्द खोडून घिऊ, म्हंजी परत घाटात घेतील."

"ऱ्हाऊ दे ना गं. फाटक बरं हाय."

"ऱ्हाऊ कसं दे? दोन लेकी सासरी नांदत्यात. बाप दुबळा झाला म्हनून कुनी त्यांना बोललं तर?"

वाट मैलभराची. अंबाबाई तीनदा झाडाखाली टेकली. नवऱ्याला जरा दम खाऊ द्यावा म्हणून. ओढ्यापाशी त्यानं हात पुढं केला. तिनं तो घट्ट धरला. म्हाताऱ्याचा पाय घसरला तर धरायला कुणी नको?

स्टेशनमास्तरांसमोर तिनं आवारातल्या भाताच्या गोणीकडं बोट केलं. "उचला."

मालोजीनं गोणी पाठीवर घेतली, फाटकापर्यंत नेली आणि परत आणून ठेवली. त्याला धापसुद्धा लागली नव्हती.

"बगितलंत?" अंबाबाईचा ऊर भरून आला. "ह्यो मानूस फीबल? काडा तो कागद, खोडा तो शब्द, आन् ह्यास्नी घाटात धाडा."

"मास्तर, नगा काडू," मालोजी म्हणाला. तिच्या बोलण्यात तो कधी पडत नसे.

"तुमी गप ऱ्हावा. मास्तर, वाचा. मोठ्यानं वाचा, ऐकू दे सगळ्यांना."

मास्तरांनी कपाटातून कागद काढला. मालोजीनं कारकुनाकडून लिहून घेतलेला अर्ज होता तो. खाली त्याचा अंगठा होता. ते इंग्रजीचं मराठी करत सावकाश वाचू लागले.

"'मी स्वतः धडधाकट आहे. माझी बायको अंबाबाई फीबल झाली आहे. घरी दुसरं कोणी नाही, म्हणून मला घराजवळ काम द्यावं. आणि हे तिला कधी कळू देऊ नये.'"