आकडा सांगा

गाडी साक्री सोडून डोंगराच्या रस्त्याला लागली आणि भूषणने हेमांगी मॅडमना तिसऱ्यांदा सांगितलं, "तुम्ही फक्त हो म्हणा. पुढच्या हंगामात सगळ्या डोंगरी गावांना हीच पेटी."

मॅडम पर्यटन समितीवर होत्या. त्यांचा होकार म्हणजे भूषणच्या कंपनीचं सोनं. म्हणून आज तो स्वतः निघाला होता. एरवी मोरदऱ्याचा धबधबा तो धुळ्यातल्या ऑफिसात बसून मोबाइलवर सांभाळायचा. उंटावरूनच शेळ्या हाकायच्या तर उंट तरी एसीचा असावा, असं त्याचं मत होतं.

"आधी कॅमेरा लावला होता," तो म्हणाला. "तो बकऱ्याही मोजायचा. मग बोलकी पेटी बसवली. पेटी विचारते, फाटकावरचा माणूस आकडा सांगतो. दिवसाला दोनशे माणसं. तेवढी भरली की फाटक आपोआप खाली, आणि ऑनलाइन परवानेही बंद. जंगलाला त्रास नाही."

"आकडा टाइप का नाही करत तो?"

"त्याचा अंगठा फक्त तंबाखू मळायला चालतो, मॅडम." भूषण मोठ्याने हसला. मॅडम हसल्या नाहीत, पण ते बघायला त्याला फुरसत नव्हती.

मॅडमनी त्याच्या मोबाइलवर महिन्याचे आकडे वर-खाली केले. दोनशे. तीनशे. दोनशे. काल रविवारी चारशे.

"सगळे गोलच कसे हो?"

"सुट्टं मोजायचा कंटाळा. आणि चारशे बघा! मर्यादा दोनशेची, पण एकगठ्ठा आत सोडून मोकळे. हावरटपणा, दुसरं काय? मी चांगला ओळखतो या लोकांना."

ओळखत होताच. साक्रीपासून हाकेच्या अंतरावरच्या खेड्यात तो वाढला होता, फक्त ते कुणाला सांगत नसे. पुण्याच्या कॉलेजात पहिल्या दिवशी "ही जागा रिकामी शे का?" असं तोंडातून निसटलं आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून भूषणने जीभ घासूनपुसून घेतली. आई फोनवर अहिराणीत बोलायची, हा तिला पाठ्यपुस्तकासारखी उत्तरं द्यायचा. पेटीला अहिराणी शिकवू का, असं ऑफिसातल्या साक्षीने विचारलं तेव्हा तो तिच्यावर खेकसला होता, "पेटी बिघडवायची नाही. माणसं सुधारायची."

मोरदऱ्यात पोचले तेव्हा फाटक उघडं होतं आणि त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

"बघा! पगार चालू, झिपरूनाना गायब," भूषण म्हणाला. "गाढवाला गुळाची चव काय!"

दोघं पायवाटेने आत निघाले. वाटेत पुष्पाबाईची झोपडी लागली. पर्यटकांना भरीत-भाकरी करून घालायला भूषणच्याच कंपनीने तिला पाटी रंगवून दिली होती. पाटी झकास होती. चुलीत मात्र जुनी राख होती आणि राखेवर मांजर झोपलं होतं.

"अक्का, दुकान बंद का?" भूषणने विचारलं.

पुष्पाबाई उठली, पदर सारखा केला. "कोनी येतच नही, भाऊ. बठ्ठा दिन फाटक बंद ऱ्हास. चुल्हा थंडा पडेल शे. मन्ही पोर पुनम कामले सुरतले गयी."

"मर्यादा भरली की फाटक बंद होणारच, अक्का. निसर्ग काय फक्त तुमच्या भाकरीसाठी आहे?"

ती मांजराला चुलीवरून हुसकायला वळली.

पुढे गेल्यावर भूषण मॅडमना हळूच म्हणाला, "काल चारशे लोक इथून गेलेत. तरी रडगाणं! अख्खा धबधबा घशात ओतला तरी यांची तहान भागायची नाही."

धबधब्याशी पोचल्यावर मात्र मॅडम थबकल्या. काठावर गुडघाभर गवत होतं. कुठे वेफर्सचं पाकीट नाही, बाटली नाही, दगडावर कुणाचं नाव नाही. काठाच्या ओल्या मातीत एक टिटवी आरामात चालत होती.

"काल चारशे माणसं आली होती? इथे? आणि गवतसुद्धा मोडलं नाही?"

"जबाबदार पर्यटन, मॅडम," भूषण छाती फुगवून म्हणाला. "शिस्त लागली की असं होतं."

मॅडमनी भरपूर फोटो काढले. गेल्या वर्षी दुसऱ्या एका धबधब्यावर त्यांनी प्लास्टिकचे ढीग पाहिले होते आणि फार हळहळल्या होत्या. आज त्यांचा चेहरा खुलला.

"माझा होकार समजा," त्या म्हणाल्या. "सगळ्या गावांना द्या. फक्त जाताना ती पेटी चालते कशी, ते एकदा दाखवा."

भूषणला हवेत तरंगल्यासारखं वाटलं. परतीच्या वाटेवर त्याने पुष्पाबाईच्या झोपडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

फाटकाशी झिपरूनाना पाण्याचा हंडा खाली ठेवत होता. या दोघांना पाहून त्याने घाईघाईने टोपी सारखी केली.

"राम राम, साहेब. पानी आनाले गयथू."

"असू द्या, नाना. आज कोण कोण आलं?"

"कोनी नही. तुम्हीच."

"मग तसं पेटीला सांगा. मॅडमना बघायचंय. आणि स्पष्ट बोला, शुद्ध!"

झिपरूनानाने हिरवं बटण दाबलं.

"नमस्कार," पेटीतली बाई मंजुळ आवाजात म्हणाली. "आतापर्यंतचा आकडा सांगा."

नानाने चूक नको म्हणून आधी मॅडमकडे बोट केलं, मग भूषणकडे. घसा खाकरला आणि पेटीपाशी वाकून एकेक शब्द सुटा करून तो म्हणाला,

"आकडा दोन शे."

"दोनशे," पेटी म्हणाली. "मर्यादा पूर्ण झाली आहे. धन्यवाद." आणि फाटक खाली आलं.