परदेशी बाईचं गाणं

१९७४. रुखमाबाईंचा धाकटा मुलगा केशव वाडीजवळ ट्रकखाली गेला, त्याला चार महिने झाले होते. त्या एकदाही रडल्या नव्हत्या.

त्या रविवारी थोरल्या गिरिधरने इंग्रजी लोकगीतांची रेकॉर्ड लावली. वाद्यं नव्हती, नुसता एका बाईचा आवाज. भाजी निवडता निवडता रुखमाबाईंचे हात थांबले.

"हिचं कोण गेलं गा?"

गिरिधरने आजवर फक्त चाल ऐकली होती. त्याने कव्हरवर छापलेलं गाणं वाचलं.

"पोरगा, माय. जहाजावर गेला, वापस आलाच नाही."

"पुन्हा लाव."

दुसऱ्यांदा सुई टेकली आणि रुखमाबाई हमसून हमसून रडल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "लय उपकार झाले गा त्या बाईचे. एकटीले रडताच येत नव्हतं मले."