उचलता येईल असं छत

“हे एकट्या बाईला उचलंल का?” कडूबाईनं विचारलं.

विरेशचं बोट टॅबवर तसंच राहिलं. बागेतली बांधकामं करून देणारा तो, उमरग्याहून सास्तूरला येऊन त्यानं तासभर घसा कोरडा केला होता. सागवानी खांब, वर कौलं, चारी बाजूंनी काचेची सरकती दारं. असा बंदिस्त पर्गोला, म्हणजे बागेतला मांडव, आख्ख्या लोहारा तालुक्यात कुणाच्या बागेत नाही, असं तो छातीठोकपणे सांगत होता. आणि त्यावर हा प्रश्न.

“काकू, ते उचलायचं नसतंय,” तो म्हणाला. “पक्कं बसवायचं असतंय. पन्नास वर्षं हलणार न्हाय.”

“मग नगं.”

रणधीरनं कपाळाला हात लावला. आईच्या हट्टापुढं तो आधीच टेकीला आला होता. भूकंपानंतर मिळालेल्या या घरात सगळे राहायला आले, कडूबाई मात्र बत्तीस वर्षं अंगणातच बाजेवर निजत होती. थंडी असो, दव असो. पाऊस आलाच तर बाज पडवीच्या पत्र्याखाली जायची, त्याच्या आत नाही. गेल्या हिवाळ्यात तिला दोनदा न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी साफ सांगितलं, आणखी एक हिवाळा उघड्यावर काढला तर म्हातारी हाती लागायची नाही. आता दिवाळी तोंडावर आली होती. घरात ती येईना आणि बाहेर तिला ठेवता येईना. म्हणून राजनंदिनीनं, रणधीरच्या बायकोनं, ही शक्कल काढली. बागेतच, शेवग्याच्या अलीकडं, खोलीसारखी ऊबदार पण खोली न वाटणारी जागा. आई निवडेल तेच डिझाइन, असा शब्दही दोघांनी देऊन टाकला होता. तो आता अंगाशी येत होता.

“आज्जी!” मागच्या अंगणातून शिवूची हाक आली.

कडूबाई ताडकन उठली आणि एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, तशीच धावली. पाच वर्षांच्या नातीला फक्त जास्वंदीवरचा सुरवंट दाखवायचा होता. हे रोजचंच होतं. शिवूनं बाबाला दहा हाका मारल्या तरी रणधीर “आलो, थांब” म्हणत जागचा हलत नसे. आजी मात्र पहिल्या हाकेला हजर. पोरगी तूच बिघडवलीस, असं म्हणून तो आईला चिडवायचा.

ती परत आल्यावर विरेशनं दुसरं डिझाइन काढलं. लोखंडी सांगाडा, वर जाड सिमेंटचे पत्रे. कडूबाईनं परत तेच विचारलं. विरेश हसला. बाहेरगावच्या माणसाचं ते हसू कडूबाईला लागलं की काय कोण जाणे, नमुन्याला आणून भिंतीला टेकवलेला सागवानी वासा तिनं ओढून आडवा पाडला, खाली बसून त्याच्या टोकाखाली खांदा घातला आणि रेटा दिला. साठीची बाई. मानेच्या शिरा तटतटल्या, तोंड लालबुंद झालं.

“आई! काय करताय?” राजनंदिनी ओरडली. विरेशनं झेप घेऊन वासा धरला.

“न्हाय जमत,” कडूबाई धापा टाकत म्हणाली. “आता तर न्हायच जमत.”

रणधीर घाबरूनच खेकसला, “छत उचलायचंय कुणाला? डोकं फिरलंय का तुझं?”

“तिथं शिवूबी माझ्यापाशी निजंल. छत तिच्या अंगावर आलं तर मला उचलाया नगं?”

रणधीरचा आवाज एकदम खाली आला. भूकंपाच्या त्या पहाटे तो एक वर्षाचा होता. जुन्या घराचं माळवद, लाकडावर थापलेलं ते मातीचं जाड छत, खाली आलं. तो वाचला आणि सहा वर्षांची बहीण गेली. शिवकन्या. तिचंच नाव त्यानं लेकीला ठेवलं होतं.

“आई, तिला काही कळलंसुद्धा नाही,” तो समजुतीनं म्हणाला. “झोपेतच गेली ती. तूच सांगतेस की.”

कडूबाई त्या वाशावरच टेकली.

“झोपंत न्हाय गेली ती.”

 रणधीरला नीट ऐकू आलं होतं, तरी तो आईच्या तोंडाकडं बघत राहिला.

“तुझे बा शेतात जागलीला गेल्ते. घरात मोठं माणूस म्या एकटीच. एका कोपऱ्यात तू, दुसऱ्या कोपऱ्यात ती. वर माती, वासे. ती हाका मारत व्हती, आई, ये आई म्हणून. तुझा आवाजच न्हवता. मला वाटलं, हाका मारतीया, म्हंजी ती दम धरंल. म्हणून आधी तुझ्याकडं गेले. खांद्यावर वासा घिऊन तुला वडून काढलं.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “वळून बघिटलं तर हाक थांबली व्हती.”

 रणधीर तिथंच खाली बसला. आपण गप्प होतो म्हणून वाचलो, आणि ती हाका मारत होती म्हणून गेली, हे त्याला आज कळत होतं. विरेशनं टॅब मांडीवर पालथा घातला.

“कापडाचं छत असंल तर बांध बाबा,” कडूबाई त्याला म्हणाली. “मला निस्त्या हातानं फाडता आलं पायजे.”

“बाबा!” मागच्या अंगणातून हाक आली.

दुसरी हाक यायच्या आत रणधीर धावत सुटला होता.