दोन थापा, मग एक

"पोरगा पळालाय, मावशी. तुम्ही कितीही नाही म्हणा," लष्करी पोलिसातला हवालदार म्हणाला. घराच्या दाराला कडी नव्हती, ती उपटल्याच्या ताज्या खुणा तेवढ्या होत्या. त्याने त्या येतानाच हेरल्या. असलं काही त्याच्या नजरेतून सुटत नसे, आणि त्याचा त्याला भारी अभिमान.

"पळाला कशावरून?" पहारेकऱ्याच्या आईने विचारलं.

कशावरून म्हणजे! छावणीतलं कोठार भरदुपारी फुटलं, तेव्हा पहारा ह्याचाच. हवालदार पोचला तर दार सताड उघडं आणि पहाऱ्यावर चिटपाखरू नाही. पण हवालदार कामाचा पक्का. आतले ठसे बिघडू नयेत म्हणून त्याने उंबऱ्यापलीकडे पाऊल टाकलं नाही, कुणाला टाकू दिलं नाही. लोखंडी दार ओढून कुलूप घातलं, त्यावर लाख ओतली आणि तीत स्वतःचा अंगठा उमटवला. ठसेतज्ज्ञ येणार होते. आठवडा होत आला, ते अजून येतच होते.

"कायद्याला दोन गोष्टी लागतात, मावशी. हात आणि मन. जागा सोडली, हा हात. परत यायचंच नाही असं ठरवलं, हे मन. दोन्ही जुळलं की झाला फरारी."

"आणि हात असला, पण मन नसलं तर?"

"मग गुन्हा कसला? खुशाल घरी जाऊन झोपावं!" हवालदार हसला. नव्या जवानांनाही तो हेच शिकवायचा.

आई हसली नाही. "तो कुठं गेलेला नाही. रोज ठोठावतो."

"कुठे?"

"ह्याच दाराला. आतून." तिने दाराकडे बोट दाखवलं. "लहानपणी खोड्या केल्या की मी कोंडून घालायची मेल्याला. तेव्हा असाच ठोठावायचा." तिने फळीवर दोन थापा मारल्या. थांबली. मग एक. "म्हणून कडीच उपटून टाकली मी. तरी थांबेना."

हवालदाराच्या अंगावर सर्रकन काटा आला. कोठारावरचे जवान हेच सांगत होते. साहेब, आत भूत आहे, दोन थापा मारतं, मग एक. तो त्यांच्यावर खेकसला होता, "आता भुताचा जबाब घेऊ का? सीलला हात लावाल तर खबरदार!"

"मावशी, आज ठोठावलं?" त्याने विचारलं.

"नाही. कालपासून गप्प आहे."

तो धावत सुटला. कोठारावर येऊन त्याने नखांनी लाख फोडली, कुलूप काढलं, दार आत ढकललं. दार जड लागलं. कुणीतरी त्याला टेकून बसलं होतं.

पहारेकऱ्याच्या डोक्यावर चोराच्या घावाचं रक्त वाळलं होतं. बोटांची सालटी निघाली होती. हवालदाराने त्याचा हात हातात घेतला. तो थंडगार होता. हवालदार तिथंच फतकल मारून बसला.

मागे उभा असलेला जवान चाचरत म्हणाला, "साहेब, तुमचं मन नव्हतं. हात आणि मन दोन्ही लागतात, तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

हवालदार लाख लागलेल्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"त्याच्या आईच्या दाराला कडी नाहीये," तो म्हणाला. "जा, तिलाही शिकव."