डावा गाल

"बधिर करायचं मलम नको," डॉक्टर प्यो म्हणाले. "दुखणं हेच तर आपलं मोजमाप."

नर्स ओक-बिन खुर्चीत मागे रेलली. कातडी आतून तापवून ताणणारं यंत्र क्लिनिकमध्ये नवीन आलं होतं. नवं यंत्र पेशंटच्या आधी नर्सच्या चेहऱ्यावर चालवून बघायचं, हे सिन्साच्या त्या सौंदर्य-क्लिनिकांच्या गल्लीत कुणाला नवं नव्हतं. एकेक पायरी वाढवत जायचं. ती 'बस' म्हणेल, त्याच्या एक पायरी खाली पेशंटसाठी सुरक्षित. शनिवारपासून पेशंट यायचे होते.

"ही कसली बस म्हणतेय!" शेजारी उभी असलेली सोन-मी हसली. "गेंड्याची कातडी. मागच्या यंत्राच्या वेळी मी इमारत डोक्यावर घेतली, हिचं हूं नाही की चूं नाही."

"गप गं ताई."

त्या यंत्रापासूनच तिचा डावा गाल मेला होता. तोंड धुताना पाणी गरम की गार, ते फक्त उजवीकडे कळायचं. ती कुणाला बोलली नव्हती. तक्रार करणाऱ्या नर्सला त्या गल्लीत दुसरं दार उघडत नसे.

यंत्र डाव्या गालाला टेकलं. टक्. मग एक पायरी वर. टक्. तिला नुसता आवाज कळत होता. तिसऱ्या पायरीला तिने डोळे गच्च मिटले.

"बस, डॉक्टर. दुखतंय."

"तिसरीलाच? तू?" डॉक्टर हसले. "भूक लागलीय तुला. किंबाप काही पळून जात नाही."

चौथी झाली. पाचवी झाली.

"आई गं! बस!"

"मी अजून बटण दाबलंच नाही, ओक-बिन."

सोन-मी खुदकन हसली. डॉक्टरांनी बटण दाबलं. मग सोन-मीचं हसू थांबलं. तिने नाक वर केलं.

"डॉक्टर, जळाल्याचा वास येतोय."

डॉक्टरांनी हात झटकन मागे घेतला. ओक-बिनला त्या दोघांच्या चेहऱ्यावरून सारं कळलं.

"हा गाल बधिर आहे," ती म्हणाली. "मागच्या वेळेपासून. इथला आकडा पेशंटना लावू नका."

सोन-मीने तिच्या गालावर ओली पट्टी ठेवली. पाणी ओघळून मानेवर आलं, तेव्हा ओक-बिनला पट्टी ठेवल्याचं समजलं.

डॉक्टरांनी पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं. मग त्यांनी तो पुसून शून्यावर आणला.

"आधी सांगायचं नाही का, वेडे?" त्यांचा आवाज अगदी मायेचा होता. "उजवा शाबूत आहे ना?"

ओक-बिनची मान सवयीने वळली होती, उजवा गाल यंत्राकडे करून.