साठ मोजेपर्यंत

डॅरिल पेचने फाटकापाशी यंत्र थांबवलं, तेव्हा एर्ना झीगलर निळं घमेलं घेऊन उभीच होती. घमेल्यात क्लोरीनचं पाणी, शेजारी ब्रश.

"आँटी, चेष्टा करताय का?" डॅरिल खाली उतरला. "सगळ्या वेली उपटायला आलोय मी."

"माहीत आहे. मीच बोलावलंय तुला. बूट घास आधी."

डॅरिलने कपाळाला हात लावला. एर्नाने तोवर खिशातला चाकू काढून यंत्राच्या चाकांवरच्या पट्ट्यात अडकलेलं ढेकूळ उकरलं, तळहातावर चुरडलं.

"वाळू आहे. मॅक्लारेन व्हेलच्या बागांत होतास?"

"परवा. धुतलंय हो यंत्र, वाफेने धुतलंय!"

"दिसतंय की."

डॅरिल पन्नाशीचा होता. लहानपणी त्याने याच बागेत द्राक्षं चोरून मार खाल्ला होता. तो मुकाट्याने पट्टे पुन्हा धुवायला लागला.

द्राक्षवेलींची मुळं खाणारी एक बारीक कीड आहे, ती आमच्या राज्यात अजून आलेली नाही. जगभरातल्या बागा तिने खाल्ल्या. इथल्या बरोसा खोऱ्यातल्या म्हाताऱ्या वेली मात्र कलम न करता स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत, आणि परक्या मातीचा एक बूट त्यांना मारायला पुरेसा आहे. म्हणून फाटकात घमेलं, आणि घमेल्यात साठ सेकंद. एर्नाचा नवरा क्लेम हयात असताना घड्याळ लावून मोजायचा. लेकीच्या लग्नाला आलेल्या पाद्र्यालाही त्याने साठ सेकंद पाण्यात उभं केलं होतं, झग्यासकट.

क्लेमला जाऊन चार वर्षं झाली. त्यातली तीन वर्षं द्राक्षं वेलीवरच सुकली. लाल वाइन कुणालाच नको झाली, वाइनच्या कारखान्याने शिराझ जातीची द्राक्षं घेणं बंद केलं. एर्नाचे गुडघे गेले. लेक ॲडलेडहून फोनवर म्हणाली, "आई, काढून टाक ना आता." एर्ना हो म्हणाली. त्या वेळी तिला काहीच वाटलं नाही. आजही वाटत नव्हतं, आणि त्याची तिला थोडी लाज वाटत होती.

डॅरिल घासलेले बूट घालून घमेल्यात उभा राहिला. एर्नाने घड्याळ बघितलं.

फाटकापलीकडे ओळीने वेली. मांडीएवढी खोडं, काळी, पिळवटलेली. सव्वाशे वर्षांपूर्वी क्लेमच्या पणजोबाने लावलेल्या. मधल्या पट्ट्यांत ऑगस्टचं पिवळं तण फुललेलं. डॅरिल बघत राहिला.

"आँटी, छाटणी कुणी केली?"

एर्ना घड्याळाच्या काट्याकडेच बघत राहिली.

"ताजी आहे. सगळ्या वेलींची?"

"जुलैच्या थंडीत करतात छाटणी."

"उपटायच्या वेलींची?"

"हात रिकामे होते," एर्ना म्हणाली. "वीस सेकंद झाले."

डॅरिलने टोपी काढली. "हे बघा, यंत्र सुरू झालं की मग मला काही करता येणार नाही. आत्ता नको म्हणालात तर मी परत जातो. कुणाला काही सांगत नाही. पट्टा तुटला म्हणेन."

"पस्तीस."

"शंभर वर्षं लागतात हो अशी वेल व्हायला. त्यांच्या जागी तुम्ही पेरणार ती बार्ली काय, कुठंही उगवते."

"तुला कोण सांगतंय बोलायला? पाय हलवू नकोस."

तो पाय हलवत नव्हता. एर्ना काट्याकडे बघत होती. नको म्हणायला एकच शब्द लागला असता, आणि तो तिला येतही होता. पण पुढच्या हंगामात पुन्हा फवारणी, पुन्हा द्राक्षं भरणार, पुन्हा सुकणार, आणि ती खिडकीतून बघणार. तो विचार तिच्या मनात आला नि तिथेच बसून राहिला.

"साठ," ती म्हणाली. "जा आत."

दुपारपर्यंत सगळं झालं. वेली ओळीने आडव्या पडल्या होत्या, मुळं वर करून. लाल माती उकरून निघाली होती, खालची चुनखडी पांढरी दिसत होती. डॅरिलने यंत्र बंद केलं. एर्नाने त्याच्यासाठी फाटकाशी केक आणि चहा ठेवला होता, पण तो यंत्रावरच बसून राहिला.

एर्ना क्लेमचं भिंग घेऊन आत गेली. पहिल्या वेलीपाशी गुडघे धरत बसली. मुळाचा धागा धागा तिने भिंगाखाली धरला. कुठे गाठ नव्हती, कुठे कीड नव्हती.

"स्वच्छ आहेत," ती मोठ्याने म्हणाली. "सगळी स्वच्छ."

डॅरिल यंत्रावरून उतरून फाटकाशी आला.

बाहेर येऊन तिने घरातून भिंग पुसायचं फडकं आणलं. परत येताना सवयीने फाटकापाशी थांबली आणि घमेल्यात उभी राहिली. समोर एकही वेल उभी नव्हती. तिने मनगट वर धरलं.

डॅरिलने वाट बघितली. मग हळूच म्हणाला, "आँटी, झाले साठ."

"कळतंय मला," एर्ना म्हणाली, आणि पाण्यातच उभी राहिली.