कानोसा

ब्रेन्ता नदीवर ओनोरिना धुणं बडवत होती, पण कान एकेकाळी खोऱ्यातल्या रस्त्यावर पहारा देणाऱ्या पडक्या किल्ल्याकडे होते. तिथं नवरा जेलिंदो हातोड्यानं भिंतींतलं लोखंड विकायला काढत होता. महायुद्ध संपून तीन वर्षं झाली, तरी ढिगाऱ्यात न फुटलेले गोळे होतेच. गेल्या हिवाळ्यात दिराचा हातोडा मध्येच थांबला आणि पाठोपाठ डोंगर हादरला. आज जेलिंदोचा थांबला. तिनं बडवणं थांबवून कानोसा घेतला. काहीच ऐकू येईना. ती अनवाणीच चढावर धावत सुटली. किल्ल्याच्या दारात धापा टाकत जेलिंदो तिच्यावर आदळला. “बडवणं का थांबवलंस गं? मला वाटलं, नदीत पडलीस!” “आधी तुझा हातोडा थांबला, गाढवा!” “अगं, चीज खात होतो.” दोघं हसली. तो वर गेला, ती खाली. धुणं संपलं, तरी संध्याकाळपर्यंत ती नुसता दगड बडवत राहिली.